ड्रॉइंगच नाही, मग इन्स्पेक्शन कशाचं करणार?

वाचकाचा प्रश्न (पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं गाळून मुद्द्याचं तेवढं देते):

"मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. अनगोळला घर बांधलं, १२ बाय १५ च्या हॉलमध्ये ५.१ होम थिएटर लावलंय. स्पीकर चांगले आहेत, ८ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल. पण रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा मधला डबा) दहा वर्षांचा जुना, नवीन टीव्हीचं ४के एचडीआर त्यातून जात नाही. एका कंपनीचं नवीन मॉडेल आलंय, ऐंशी हजाराच्या आसपास, पैसे बाजूला काढून ठेवलेत. पण कंपनीशी संबंध नसलेल्या कुणीच त्याचं मोजमाप अजून केलेलं नाही. आमच्याकडं पार्ट मोजल्याशिवाय डिस्पॅच होत नाही, मग मी ऐंशी हजार डोळे झाकून कसे घालू? चार महिने झाले, रोज रात्री मोबाइलवर बघतो, आलं का, आलं का. मोजमाप येत नाही म्हणजे कंपनी काय तर लपवतेय असं वाटायला लागलंय. दुकानदार म्हणतो ऑफर गणपतीपर्यंतच. मेव्हणा म्हणतो मोजमाप सगळं थोतांड, कानानं ऐक आणि घे. बायको म्हणते घ्यायचं तर घ्या नाहीतर विषय बंद करा. त्यात बाबांचं वेगळंच, एवढे स्पीकर असून सिरियलमधलं बोलणं समजत नाही म्हणतात. सॉरी, प्रश्न फालतू वाटेल, पण थांबू का घेऊन टाकू?"

नमस्कार,

फालतू बिलतू काय नाही हो, ऐंशी हजार म्हणजे काय किरकोळ रक्कम नव्हे, आणि कंपनीच्या पत्रकावर विश्वास न ठेवणारा माणूस मला तरी शहाणाच वाटतो. पण तुम्ही क्वालिटीतले म्हणून तुमच्याच कामातलं विचारते. टेबलावर एक शाफ्ट आला, हातात मायक्रोमीटर आहे, पण ड्रॉइंग नाही. तुम्ही मोजणार, २४.९८ येणार, आणि मग? पास का रिजेक्ट? चार महिने तुम्ही रिपोर्टची वाट बघताय पण टॉलरन्स किती, म्हणजे किती कमी-जास्त चालेल, ते कुठंच ठरवलेलं नाही, निदान पत्रात तरी मला दिसलं नाही. म्हणून आधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, कुठला आकडा किती आला तर मी हा रिसीव्हर घेणार नाही. फक्त एवढंच. मला वाटतं लिहायला बसलात की पेन अडेल, आणि अडलं तर ते चांगलंच आहे, कारण ज्या आकड्यानं तुमचा निर्णय बदलणारच नाही त्याची वाट कशाला बघायची?

आता तो कागद भरायला थोडी मदत करते.

बहुतेक लोक ज्याच्यासाठी थांबतात तो आकडा म्हणजे सिनॅड. मशीनमध्ये साधारण १ किलोहर्ट्झचा एकच स्वच्छ सूर घालायचा आणि बाहेर येताना त्यात नॉइज आणि डिस्टॉर्शन मिळून किती घाण मिसळली ते डेसिबलमध्ये सांगायचं, बस. ८० डेसिबल आला म्हणजे घाण ०.०१ टक्के, १०० आला म्हणजे ०.००१ टक्के. सीडीच्या १६ बिटची कागदावरची हद्दच ९८ च्या आसपास आहे. आणि तुमचे स्पीकर? भले चांगले असूदेत, खालचा बास जरा जोरात वाजवला की एक टक्का डिस्टॉर्शन स्पीकर सहज देतो, म्हणजे ४० डेसिबल. तर रिसीव्हरचा सिनॅड ८४ आला का ९३ आला यावर लोक रात्र रात्र भांडतात खरं, पण सोफ्यावर बसून तो फरक तुम्हाला सापडणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ६० आला तर मी पण थांबीन, कारण तिथं मग डिझाइनमध्येच काय तर गडबड आहे. तुमच्या कागदावर या खान्यात "७५ च्या वर" एवढं लिहिलं तरी बास.

आणि बघताना कुठला सिनॅड ते बघा. रिपोर्टमध्ये दोन वेगळे असतात, एक प्रीआउटचा (वेगळ्या अँपकडं सिग्नल नेणारी मागची सॉकेट) आणि एक स्पीकर टर्मिनलवरचा. वेगळा पॉवर अँप लावणाऱ्यांना पहिला लागतो. तुम्ही स्पीकर सरळ रिसीव्हरलाच जोडणार, तुमच्यासाठी दुसरा. ज्याच्यावरून सगळी रँकिंग लागतात तो बहुतेक वेळा पहिला असतो, म्हणजे तुम्ही कदाचित दुसऱ्याच कुणाच्या पार्टच्या रिपोर्टची वाट बघताय.

वॉटचं जरा सावकाश सांगते, कारण इथं खरंच फसवाफसवी चालते आणि तुमचा संशय इथं लागू पडतो. खोक्यावर १८५ वॉट छापलेलं असतं आणि आतल्या पुस्तकात ९५, आणि दोन्ही खरं असतं! पहिला आकडा एकच चॅनेल चालवून, एकाच फ्रिक्वेन्सीला, ६ ओहमवर, १० टक्के डिस्टॉर्शनपर्यंत ताणून काढलेला. दुसरा दोन चॅनेल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पूर्ण पट्टा, ८ ओहम, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन. आपल्याकडं टेपरेकॉर्डरवर हजार हजार वॉट पीएमपीओ, म्हणजे फुगवलेले वॉट, लिहिलेलं असायचं ते आठवत असेल. हा रोग सगळीकडचाच, अमेरिकेत तर १९७४ मध्ये सरकारी फेडरल ट्रेड कमिशनला घरगुती अँपचे वॉट कसे मोजून सांगायचे याचा नियम करावा लागला. तर खोक्यावरचं सोडा, पुस्तकातली ती लांब ओळ वाचा, चॅनेल किती, ओहम किती, टक्के किती, हे तिन्ही असल्याशिवाय वॉटला अर्थ नाही.

पण तुम्हाला लागतात किती? तुमचेच आकडे घेऊ. ८७ डेसिबल म्हणजे १ वॉटला १ मीटरवर. तुम्ही १० फुटांवर बसता असं धरलं तर अंतरामुळं साधारण साडेनऊ डेसिबल जातात, म्हणजे १ वॉटला सोफ्यावर साडेसत्त्याहत्तर (खोलीच्या भिंती थोडं परत देतात, ते सोडून दिलंय). थिएटरच्या रेफरन्स पातळीला एका चॅनेलचा सगळ्यात मोठा धमाका १०५ डेसिबलचा धरतात, घरात कोण एवढं लावत नाही, कॅलिब्रेशन (माइक लावून पातळी जुळवणं) केल्यावर व्हॉल्यूम उणे १५ वर, म्हणजे रेफरन्सच्या १५ डेसिबल खाली ठेवला तरी शेजारी बेल वाजवतात. उणे १५ म्हणजे धमाका ९० डेसिबल. त्याला लागतात जेमतेम १८ वॉट. आणि पूर्ण १०५ च पाहिजे असेल तर ५०० च्या वर, ते या किमतीतला कुठलाच रिसीव्हर देणार नाही, मोजला काय आणि नाही मोजला काय. त्यातून बासचं ओझं ८० हर्ट्झच्या खाली सबवूफरकडं गेलं की रिसीव्हर आणखी मोकळा. म्हणजे ९५ चे मोजून ८५ निघाले तरी तुमच्या हॉलमध्ये त्यानं काही बिघडत नाही, पॉवर दुप्पट झाली तरी आवाजात फरक ३ डेसिबलचाच.

मग थांबावं कुणी? ज्याचे स्पीकर ४ ओहमचे आहेत आणि सेन्सिटिव्हिटी ८४-८५ आहे, खोली मोठी आहे, त्यानं जरूर थांबावं, कारण ४ ओहमवर काही रिसीव्हर करंट मर्यादा घालून घेतात किंवा तापून बंद पडतात आणि ते पत्रकात कोण लिहीत नाही. ज्याला प्रीआउटवरून वेगळा अँप चालवायचाय त्यानंही थांबावं, कारण २ व्होल्टपर्यंत सिग्नल स्वच्छ राहतो का आधीच फाटतो हे मोजल्याशिवाय कळत नाही. तुम्ही या दोन्हीत बसत नाही.

पण थांबायचं एक कारण तुम्हाला लागू आहे आणि ते तुमच्या पत्रात नाहीच. २०२० साली काही मोठ्या जपानी कंपन्यांचे नवे रिसीव्हर आले, एचडीएमआय २.१ वाले, आणि लोकांनी नवीन गेम कन्सोल लावून ४के १२० हर्ट्झ चालू केलं तर टीव्ही काळा! एचडीएमआयच्या चिपमध्येच दोष निघाला, मग कुणी बाहेरून लावायचा डबा दिला, कुणी बोर्ड बदलून दिले. आवाजाच्या कुठल्याही मोजमापात हे सापडलं नसतं, सिनॅड छानच आला असता. हे सापडलं घेतलेल्या लोकांना, घरी जोडून बघितल्यावर. म्हणून नवीन मॉडेल बाजारात आल्यावर पाच-सहा महिने जाऊ द्यावेत या मताची मी आहे, पण ते अ‍ॅनालायझरसाठी (मोजायच्या यंत्रासाठी) नव्हे, आधी घेतलेल्यांच्या तक्रारी वर येण्यासाठी आणि एखाद-दुसरं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट येऊन जाण्यासाठी. तुमचे चार झालेच आहेत की. आता रात्री मोबाइल उघडलात तर सिनॅड नका शोधू, "आवाज मध्येच तुटतो", "चित्र जातं", "ईएआरसी (टीव्हीतला आवाज एचडीएमआयनंच रिसीव्हरला परत आणायची सोय) चालत नाही" असल्या तक्रारी शोधा.

कंपनी लपवतेय का, तर मला नाही वाटत, निदान मोजमाप आलं नाही एवढ्यावरून तरी नाही. स्वतंत्रपणे मोजणारे जगात थोडे, त्यांचा अ‍ॅनालायझर लाखांत जातो, आणि मोजायला मशीन त्यांच्याकडं यायला लागतं, एक तर कंपनी उसनं देणार नाहीतर कुणीतरी विकत घेतलेला माणूस दहा-बारा किलोचं खोकं पाठवणार. कधी येईल ते त्याच्या मनावर. कदाचित पुढच्या महिन्यात, कदाचित कधीच नाही. आणि आलं तरी ते एकाच नगाचं असणार, बहुतेक १२० व्होल्टच्या अमेरिकन नगाचं, त्या दिवशीच्या फर्मवेअरवरचं. तुमच्याकडं एक पार्ट मोजून सगळी लॉट पास करतात का?

त्यापेक्षा याच मालिकेतल्या मागच्या मॉडेलचं मोजमाप बघा, ते बहुतेक आलेलं असतं. रिसीव्हरमध्ये अँपचा भाग दरवर्षी कोण नव्यानं काढत नाही, बदलतात ते एचडीएमआय, सॉफ्टवेअर, पुढची पट्टी. दोन्हीचं वजन, पुस्तकातले वॉट आणि मागच्या बाजूचे फोटो शेजारी ठेवून बघा, जवळजवळ तेच असेल तर तुमचा रिपोर्ट आलाय असंच समजा. आणि जुनं मॉडेल अजून सीलपॅक मिळत असेल, त्यात तुम्हाला लागणारं सगळं असेल, तर नवीनच पाहिजे असं कुणी सांगितलं? हे मी भोचकपणा म्हणून विचारत नाही, दहा-पंधरा हजार वाचले तर त्याचा मी पुढं उपयोग सांगणार आहे.

दुकानदाराची ऑफर गणपतीपर्यंत असेल तर दसऱ्याला दुसरी असेल आणि दिवाळीला तिसरी, त्याचं टेन्शन घेऊ नका. २०१७ ला जीएसटी आल्यापासून कोल्हापूरला जा, पणजीला जा, हुबळीला जा, टॅक्स तोच, त्यामुळं भाव करायचा तर दुकानदाराच्या मार्जिनवरच होणार. माझ्या मते भावापेक्षा दोन गोष्टी वाजवून घ्या. बिल अधिकृत डीलरचंच आणि वॉरंटी भारतातली पाहिजे, कुणी "बाहेरून आणून देतो" म्हणत असेल तर व्होल्टेजपासून वॉरंटीपर्यंत सगळंच तुमच्या गळ्यात. आणि बिघडलं तर मशीन जाणार कुठं, बेंगळुरूला का पुण्याला, आणि नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा. सात दिवसांत एचडीएमआयचा काही प्रॉब्लेम आला तर बदलून देणार का, हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आपल्याकडं वळवात आणि पावसाळ्यात हेस्कॉमची विजेची लाईन कशी नाचते ते तुम्हाला मी काय सांगू, चांगला सर्ज प्रोटेक्टर त्याच दिवशी घ्या. टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवणार असाल तर वर चार-पाच बोटं तरी जागा मोकळी पाहिजे आणि पुढं काचेचं दार नको.

आता बाबा. तुमच्या पत्रात त्यांना एक ओळ मिळालीय, मला विचाराल तर सगळ्यात पहिलं काम तेच, आणि त्याला नवीन रिसीव्हर लागतच नाही. केबलवरची सिरियल बहुतेक स्टिरिओ असते. तुमचा रिसीव्हर स्टिरिओ मोडवर असेल तर मधला सेंटर स्पीकर गप्प बसलेला असतो, म्हणजे बोलण्यासाठीच ठेवलेला स्पीकर बंद! मोड बदलून प्रोलॉजिक किंवा डॉल्बी सराउंड करा, बोलणं मधे येतं. मग सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा, स्पीकर कप्प्यात आत ढकललेला असेल तर ओढून कडेला आणा आणि थोडा वर, कानाकडं तोंड करून ठेवा. नाइट मोड नाहीतर डायनॅमिक रेंज कमी करायचं सेटिंग असतं ते बाबा बघत असताना चालू करा, म्हणजे पार्श्वसंगीत दणदणीत आणि बोलणं बारीक हे होणार नाही. एवढं करून पण समजत नाही म्हणाले तर एकदा कानाची तपासणी करून घ्या, वयानं वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात, आवाज ऐकू येतो पण स, फ, ट कळत नाहीत, आणि माणूस टीव्हीला नावं ठेवतो.

चित्राचं पण आजच भागतंय. सेट टॉप बॉक्स, स्टिक, काय असेल ते सरळ टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून आवाज एआरसीनं (वरच्या ईएआरसीचा जुना भाऊ) रिसीव्हरला द्या. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, तुमच्या रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटवर लिहिलेलं असेल, नसेल तर ऑप्टिकल केबल आहेच. ४के एचडीआर चित्र पूर्ण मिळेल, ५.१ आवाज मिळेल, फक्त ब्लू-रेवरचा लॉसलेस (काही न गाळलेला) आवाज आणि त्यातला अ‍ॅटमॉस (डॉल्बीचा वरूनही येणारा आवाज) तेवढा मिळणार नाही. मग थांबणं एवढं बोचणार नाही आणि दुकानदाराच्या तारखेचं पण काही वाटणार नाही.

बायकोचं म्हणणं मी तुमच्यापेक्षा जरा वेगळं वाचलं. घ्या नाहीतर विषय बंद करा, यात त्यांना ऐंशी हजार खुपतात असं मला दिसत नाही, पैसे बाजूला काढताना त्या होत्याच ना? रोज रात्रीचा मोबाइल खुपत असणार. दिवाळी ही तारीख धरा, त्यांच्या समोर बोलून धरा, तोपर्यंत आठवड्यातून एकदा बघायचं. तोवर वर सांगितलेल्या तक्रारी दिसल्या नाहीत तर मोजमाप येवो न येवो घेऊन टाकायचं, दिसल्या तर मागचं मॉडेल घ्यायचं. तिसरा पर्याय ठेवू नका.

आणि मोजायची हौस आहेच तर ती खोलीवर भागवा, तिथं खरंच आकडे हलतात. १५ फुटांच्या भिंतींमध्ये ३८ हर्ट्झच्या आसपास आणि १२ फुटांत ४७ च्या आसपास आवाज घुमणार, आरसीसी आणि टाइल्सच्या हॉलमध्ये तिथं १० डेसिबलचा डोंगर सहज निघतो, आणि दोन-तीन फूट सरकलं की तिथंच खड्डा. रिसीव्हर-रिसीव्हरमध्ये एवढा फरक जन्मात सापडणार नाही. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं, त्याला एक कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक लागतो, वाचलेल्या पैशांचा उपयोग म्हटलं ते हेच. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर दीड-दोन फूट पुढं घ्या, स्पीकर आणि सोफ्याच्या मधे जाड सतरंजी टाका, खिडकीला वजनदार पडदा, आणि प्रत्येक बदलाआधी आणि नंतर मोजून ग्राफ ठेवा, हे काम तुम्हाला आवडणार बघा. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन यानंतर करा, आधी नको.

सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती आहे, सबवूफरच तुमच्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवायचा, बासचं एकच गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेकडेनं रांगत जाऊन कुठं बास सारखा आणि साफ ऐकू येतो ते बघायचं, जिथं येईल तिथं सबवूफर. तो वर चढवायला दोन माणसं लागतात, मेव्हण्याला बोलवा. कानानंच ऐकायचं म्हणतोय ना, मग रांगायचं काम त्याच्याकडंच द्या, तुम्ही माइक घेऊन मागनं जावा आणि त्यानं सांगितलेल्या जागेचा ग्राफ काढा.